वखारीचा फोटो, काळा-पांढरा

सुकुमार मगदुमांना काळा-पांढराच पाहिजे.
"मूड पाहिजे, मूड," फोनवर म्हणाले,
"आजोबांच्या वेळची वाटली पाहिजे वखार.
आभाळ जरा गडद करा. भरून आल्यासारखं."
मग थोडं थांबून,
"आणि ती भिंतीवरची रेघ तेवढी घालवा की.
घेणाऱ्याच्या डोळ्यावर येते."

फोटो मार्चातला.
बाराचं ऊन, सावल्या पायाखाली गोळा झालेल्या,
वखारभागात एक टेम्पो मागे मागे येत होता
आणि त्याची ती मागे येण्याची ट्यून
दहा मिनिटं संपत नव्हती.
मूड असा काही नव्हता.

रंग काढले की लोकांना वाटतं रंग गेले.
जात नाहीत.
खाली दबा धरून बसतात आठजण,
आणि प्रत्येकाच्या नाकात वेसण, एकेक स्लायडर.

पिवळा डावीकडे ओढला:
चौकट, उंबरा, तुळईच्या कडा,
साठ वर्षांची हळद जिथे जिथे मुरली
तिथे तिथे काजळी धरली.
पिवळा उजवीकडे:
तीच चौकट आतून उजळली,
हळदीचा एक कण न दिसता.
बराच वेळ मी हेच करत बसले.
डावीकडे सुतक, उजवीकडे लगीन.
चहा निवला.

मग निळा.
निळा खाली नेला, आभाळ उतरलं,
ऑगस्टातल्या कृष्णेवरचं, जड,
भिजल्या म्हशीच्या पाठीसारखं.
मगदूम खूश होतील असं.
पण त्याच्यासोबत
खिडकीच्या गजांच्या मध्यावर
रेघही उठली, काळीभोर,
ओढणाऱ्याचा हात तीन ठिकाणी हललेला
तोसुद्धा दिसतोय.

निळा वर नेला. रेघ विरली
आणि आभाळ गेलं.
पत्र्याच्या वर नुसता कोरा कागद.

दोघांचा रंग एकच.

रेघ इलाहीचाचांची.
एकोणीसचं पाणी उतरलं तेव्हा
गोण्या फुगून फुटल्या होत्या, अंगणभर पिवळा चिखल,
वास असा की आठवडाभर जेवणात यायचा.
दरवाज्याचा उरलेला ऑइलपेंट घेऊन चाचा शिडीवर चढले,
सुतळी न धरता ओढली.
"साल घालू का?" म्हणाले.
कुणी बोललं नाही, म्हणून घातलं नाही.
विम्याचे फोटो काढायला गेले होते मी,
कॅमेरा गळ्यात, शिडीला दोन्ही हात.
आणि मगदूम मागून,
"ताई, रेघ नीट येऊ द्या हं फोटोत.
साहेबांना दिसली पाहिजे."
आली होती. चेक किती आला, मला माहीत नाही.
चाचा पुढच्या हंगामाला आले नाहीत.

तर,
मास्क लावून रेघ वेगळी धरता येते.
आभाळ राहतं, रेघ जाते.
दहा मिनिटांचं काम, दोनशे रुपये जास्तीचे.
लावला मास्क.
वरचा चुना उचलून रेघेवर ठेवत गेले,
एकेक वीत,
हात हलला होता ती तीन ठिकाणं शेवटी.

रेघ गेली.
पण रेघेच्या खालची भिंत आणि वरची भिंत
एक होईनात.
खालची कशी ते सांगता येत नाही,
पिऊन बसलेली.
उजळली की खोटी दिसते,
घासली की पापुद्रा निघाल्यासारखी.
रात्री साडेअकराला सोडून दिलं
आणि फाइल पाठवली.

सकाळी मगदुमांचा अंगठा आला.
"आभाळ एक नंबर."
मग, दोन मिनिटांनी,
"खाली भिंतीवर सावली पडलीय का?"

हो, लिहिलं.
ढगांची.